दाजींच्या जेट स्कीचा क्लच

चहा येतोय तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. सांगू का नको, सांगू का नको करत दोन वर्षं काढली मी. दुसऱ्यांच्या ऐकून तुम्ही पोट धरून हसता, मग माझीही ऐका. हसू आलं तर हसा, माझी ना नाही. फक्त मधेच 'जाऊ द्या मिस्त्री, होतं असं' म्हणू नका. ते लई ऐकून झालंय.

तर आळेफाट्याला माझं गॅरेज, हे तुम्हाला माहितीच आहे. ट्रक, ट्रॅक्टर, पिकअप, कधीमधी बोअरवेलची गाडी. माझं नाव एकाच गोष्टीसाठी घेतात. दत्तू मिस्त्रीच्या हातचं काम ढिलं होत नाही. पान्याला तीन फुटी पाइप लावायचा, पाय रोवायचे आणि नट रडायला लागेपर्यंत आवळायचा. दुसरे मिस्त्री माझं काम खोलायला बसले की आईवरनं शिव्या देतात. त्या शिव्या माझ्या कानावर आल्या की मला त्या दिवशी दोन घास जास्त जातात. असला माणूस मी. आता असल्या माणसाच्या हातात कोणी जेट स्की द्यावी का?

माझ्या दाजींनी दिली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे मालक, मढचे. धरण भरलं की पाणी त्यांच्या बांधाला लागतं. तिथं त्यांनी बोटिंग सुरू केलं. दोन साध्या होड्या आणि मुंबईकडनं आणलेली एक जुनी जेट स्की. पाण्यावर चालणारी मोटरसायकल म्हणा ना. पण केवढी? तीनशे घोड्यांची! आपल्याकडचा चांगला ट्रॅक्टर पन्नास घोड्यांचा. म्हणजे सहा ट्रॅक्टर एका सीटखाली कोंबलेले.

पोरं-टोरं तिच्यावर बसून किंचाळायची, फोटो काढायची, ते सगळं होतंच. पण दाजींनी ती घेतली होती दुसऱ्याच कामाला. धरणात कोणी बुडालं की आसपासची गावं दाजींनाच हाक मारायची. वल्ही मारत पोचेस्तोवर माणूस गेलेला असायचा. दोनदा त्यांनी स्वतःच्या हातानं प्रेत काढलं, त्यातलं एक शाळेतल्या मुलीचं. त्यानंतर ते महिनाभर नीट जेवले नव्हते, असं आक्का सांगते. मग ही मशीन आली.

हिच्या इंजिनाला एक सुपरचार्जर असतो. घाबरू नका, सोपं आहे. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, बाकी काही नाही. तो पंखा एका अॅल्युमिनियमच्या डब्यात फिरतो. त्या डब्याला म्हणायचं हाउसिंग. पंख्याचं पातं आणि डब्याची भिंत, यांच्यात नखाएवढीही जागा नसते. आतलं काही बिघडलं, पंखा जरा डगमगला, की पातं भिंतीला घासतं, डबा फुटतो आणि तुकडे सरळ इंजिनाच्या पोटात जातात. कोकणात दाजींच्या ओळखीच्या एकाची अशीच भर खाडीत फुटली होती. म्हणून ठरावीक तास झाले की तो डबा खोलून आतला माल बदलायचा असतो.

मशीन मुंबईला पाठवायची तर तीन-चार आठवडे जाणार. दिवाळीचा सीझन तोंडावर. दाजींनी ती टेम्पोत घातली आणि माझ्या गॅरेजसमोर आणून उतरवली. म्हणाले, "मेव्हणं, ही पाण्यात मधीच बंद पडली तर माझं काय न्हाई, मी पवून येईन. पन ज्याला काडायला चाललोय तो जातो. फुटायच्या आदीच काय आसंल ते बघून द्या."

मी म्हटलं, बिनघोर राहा. जगातला सगळ्यात स्वस्त शब्द आहे हा, बिनघोर.

खोलला डबा. बेअरिंगं बदलली, पातं साफ केलं, सगळं झकास. एक गोष्ट तेवढी खटकली. पंख्याचा दांडा इंजिनाला थेट जोडलेला नसतो, मधे एक बारका क्लच असतो. मी दांडा शिकंज्यात धरला आणि पाना लावून जोर दिला. थोडा वेळ धरला आणि मग सर्रकन सरकला की हो क्लच. पुन्हा केलं, पुन्हा सरकला.

दाजींनी मुंबईच्या मेकॅनिकला फोन लावला. स्पीकरवर टाकला. तो मनुष्य शांतपणे सांगत होता, तो क्लच ठरलेल्या जोराला सरकलाच पाहिजे, टॉर्कचा पाना लावून मोजा, मापात असेल तर हात लावू नका, जास्त आवळलात तर हाउसिंग जाईल. मी 'हो साहेब, हो साहेब' करत होतो आणि दाजींकडं बघून डोळा मारत होतो.

आता तुम्हीच सांगा. तीस वर्षं माझ्याकडं ट्रकवाले येतात. खाली उतरतात, कमरेवर हात ठेवतात आणि म्हणतात, 'मिस्त्री, क्लच सरकतोय.' म्हणजे काय? म्हणजे क्लच गेला. चढाला गाडी ओढत नाही, घाटात मागं येते. सरकणारा क्लच हा रोग आहे, राव. त्यावर माझं घर उभं आहे. आणि हा फोनवरचा पाहुणा सांगतोय की सरकू द्या.

फोन ठेवल्यावर दाजी चाचरत म्हणाले की तो जास्त आवळू नका म्हणत होता. मी म्हटलं, "दाजी, ते मुद्दाम ढिलं ठेवत्यात. तुमी सारखं मुंबईला यावं म्हणून. मला शिकवतो व्हय त्यो?" आक्काचा भाऊ आणि तीस वर्षांचा मिस्त्री, त्याला दाजी काय बोलणार? मी आत दोन वॉशर जास्तीचे घातले, नटाला डिंक लावला, पान्याला पाइप जोडला आणि पाय रोवले. मग शिकंज्यात धरून जोर दिला. क्लच जागचा हलला नाही. त्या रात्री मी लई छान झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मढला ट्रायल. माझा एक नियम आहे. गाडी दुरुस्त केली की मी शेजारी बसून चक्कर मारतो, आवाज ऐकतो आणि मगच गाडी ताब्यात देतो. ट्रक असो नाहीतर रोटर लावलेला ट्रॅक्टर. जेट स्कीला वेगळा नियम कशाला? दाजी म्हणाले, तुम्हाला पोहता येत नाही. ते खरंच आहे. माझा जन्म आण्याच्या पठारावरचा. तिथं प्यायच्या पाण्याची मारामार, पोहायला कोण शिकवणार? पण नियम म्हणजे नियम. शेडमधनं एक लाइफ जाकीट हातात घेऊन दाजी आले होते. ते त्यांनी मला घातलं, पट्टे आवळून दिले. स्वतःसाठी परत शेडपर्यंत जायचा कंटाळा केला. दोन चकरा तर मारायच्या होत्या.

आणि काय पळाली म्हणता! घाटाकडनं वारं सुटलं होतं, पाण्यावर लाटा होत्या, तरी अशी सुसाट की माझ्या डोळ्यातलं पाणी कानात गेलं. आवाज एकदम गोल. मी मागनं दाजींच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत असायचा तो. पलीकडच्या काठावरच्या ठाकरवाडीचा कोणीतरी होता. वाडीतल्या किसनचा तराफा वाऱ्यानं उलटला होता. किसन आणि त्याची बायको हिराबाई, दोघं पाण्यात. थर्माकोलचे ठोकळे दोरीनं बांधून केलेला तराफा असतो, त्याच्यावर बसून ही माणसं मासे धरतात. दोरी तुटली होती आणि ठोकळे सगळीकडं पांगले होते.

दाजी म्हणाले, तुम्हाला आधी काठाला सोडतो. मी म्हटलं, नको, वेळ जाईल, चला.

ऐकायला बरं वाटतं ना? खरं सांगू? मला बघायचं होतं. माझ्या हातची मशीन माणूस कसं वाचवते ते मला डोळ्यांदेखत बघायचं होतं.

दाजींनी मूठ पूर्ण पिळली. गाडी लाटेवरनं उडायची, हवेत असताना इंजिन मोकळं सुटायचं, पाण्यावर आपटली की एकदम दाबलं जायचं. पंखा मात्र भन्नाट वेगात असतो, तो असा एका क्षणात थांबत नाही की पळत नाही. म्हणून मधे तो क्लच. दणका आला की त्यानं थोडं सरकायचं आणि दणका गिळून टाकायचा. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तो सरकणार कसा? मी आवळला होता.

चौथी का पाचवी लाट असेल. आपटलो, आणि सीटखाली पत्र्याच्या डब्यात दगड टाकावा तसा आवाज झाला. मग एक लांब घासल्यासारखा आवाज, आणि गाडी पाण्यात रुतल्यासारखी थांबली. आम्ही दोघं थांबलो नाही. दाजी हँडलवर आदळून उजवीकडं पडले, मी त्यांच्या डोक्यावरनं पुढं.

वर आलो तेव्हा गाडी वाऱ्यानं लांब चालली होती आणि दाजी एका हातानं तिला लोंबकळत होते. दुसऱ्या बाजूचं खांद्याचं हाड मोडलं होतं, तो हात नुसता पाण्यात पडलेला. ते मला काहीतरी ओरडून सांगत होते. समोर किसन आणि हिराबाई, इथनं रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपाएवढ्या अंतरावर. दोघांमधे थर्माकोलचा एक तुकडा, ताटाएवढा. किसनचं डोकं सारखं खाली जाऊन वर येत होतं.

आणि मी? मला जाकिटानं बगलेत धरून सरळ उभं ठेवलं होतं. मान पूर्ण पाण्याबाहेर. दाजी तेच ओरडत होते की हलू नका, बुडत नाही तुम्ही. पण माझ्या खाली धरण होतं हो. पायाला काही लागत नव्हतं. मी 'वाचवा, वाचवा' म्हणून जो गळा काढला, तो म्हणे मढच्या शेडपर्यंत ऐकू गेला.

मग मी बघितलं की हिराबाई तुकडा नवऱ्याकडं ढकलून माझ्याकडं पोहत येतेय. पन्नाशीची बाई, लुगडं कमरेला खोचलेलं, सरळ माझ्याकडं. मला वाटलं, देवच आला. ती हातभर अंतरावर आली आणि मी तिच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. ती काहीतरी बोलत होती, मला शब्द कळत नव्हता. तिनं माझ्या तोंडावर फाडफाड मारलं. मला वाटलं, माणूस बेशुद्ध पडू नये म्हणून मारतात, तसं मारतेय. तिनं माझ्या छातीशी झटापट केली, माझ्या मनगटाला चावली. मी आणखी गच्च धरलं. मनात म्हणत होतो, काय बाई आहे, केवढं करतेय माझ्यासाठी.

वाडीतले दोघं दुसरा तराफा घेऊन आले तेव्हा तो थर्माकोलचा तुकडा एकटाच तरंगत होता. त्यांनी बांबूनं चाचपून किसनला खालनं काढला. श्वास नव्हता. तराफ्यावरच छाती दाबायला लागले. मग आम्हा दोघांना ओढून घेतलं. हिराबाईच्या गळ्यातनं माझे हात सोडवायला दोघं लागले.

किसन वाचला. तो गेला असता तर मी इथं बसून हे सांगितलं नसतं. वाचला म्हणजे श्वास परत आला. नारायणगावला दवाखान्यात महिनाभर होता. आता घरी असतो. हात थरथरतो, घास तोंडापर्यंत नेताना सांडतो. कधी बायकोला ओळखतो, कधी नाही. डॉक्टर म्हणाले, थोडा आधी वर आला असता तर बरं झालं असतं.

दाजींना आणि गाडीला त्या दिवशी त्यांच्याच होडीनं ओढून काठाला आणलं होतं. चार-पाच दिवसांनी दाजी हात गळ्यातल्या झोळीत घालून आले आणि त्यांच्यासमोर मी सुपरचार्जर खोलला. हाउसिंगला उभी चीर गेलेली, दांडा मोडलेला, पंख्याचा भुगा, इंजिन बाद. क्लच मात्र जिथं आवळला होता तिथंच. माझं काम, हलतंय कशाला? दाजींनी तो एका हातानं उचलून बघितला आणि म्हणाले, "ह्यो सरकायला पायजे व्हता ना?" मी म्हटलं, हो. त्यांनी तो परत ठेवला, त्याच्यावर फडकं टाकलं आणि हात धुवायला गेले. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही, आक्काला पण नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथपर्यंत तुम्हाला वाटलं असेल की फजिती संपली. ती इथनं पुढं सुरू होते.

काठावरनं लोकांना काय दिसलं होतं? दिसलं होतं की भर पाण्यात आळेफाट्याच्या मिस्त्रीनं हिराबाईला छातीशी धरून ठेवलंय आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. वर तो ओरडून ओरडून मदतीला बोलावत होता. पोहता येत नसताना! झालं. गॅरेजवर माणसं यायला लागली. एक ड्रायव्हर नाशिककडं जाता जाता गाडी थांबवून पाया पडला. मी सगळ्यांना सांगायचो, अहो उलटं आहे, तिनं मला वाचवलं. लोक एकमेकांकडं बघून मान डोलवायचे.

मग महिना-सव्वा महिन्यानं मढला सत्कार ठेवला. फेटा, शाल, श्रीफळ, मंडप. सरपंच बोलले, शाळेचे गुरुजी बोलले. माझ्या हातात माइक दिला, आणि मी ठरवलं की आज सांगून टाकायचं. म्हटलं, मंडळी, मशीन आपोआप फुटली नाही. मला आवळू नको सांगितलं होतं, मी आवळली. माझ्यामुळं ती फुटली, आणि माझ्यामुळं किसनची ही गत झाली. वाटलं, आता चप्पल येणार.

सरपंचांनी माइक घेतला. म्हणाले, "बघा, माणूस किती मोठा हाय. मशीनचा दोष बी सोताच्या अंगावर घेतोय." आणि टाळ्या! बाया डोळे पुसत होत्या. पहिल्या रांगेत दाजी झोळीतल्या हाताकडं बघत बसले होते.

मला ती शाल अंगावर सहन होईना. तसाच उठलो आणि ठाकरवाडीत हिराबाईच्या घरी गेलो. ती सत्काराला आली नव्हती. अंगणात किसनला भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि ती त्याला पेज भरवत होती. मी शाल आणि नारळ तिच्यापुढं ठेवला. म्हटलं, "बाई, हे तुमचं हाय. लोक काय बी म्हणू द्या. सोताचा नवरा तसा सोडून तुमी मला वाचवायला आला. मला ठावं हाय."

तिनं किसनचं तोंड पुसलं. वाटी खाली ठेवली. रागानं नाही, चिडून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी तुमाला वाचवाया न्हाई आले, मिस्त्री. तुमी कुटं बुडत व्हता? तुमचं जाकीट काडून घ्याया आले व्हते. त्यांच्यासाटी."

मी म्हटलं, "मागायचं ना बाई. दिलं नसतं का मी?"

"तीन येळा मागितलं," ती म्हणाली. "तुमी वाचवा, वाचवा करत व्हता."

बघा म्हणजे. त्या दिवशी त्या अख्ख्या पाण्यात जाकीट घातलेला माणूस एकच होता, आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता तो पण तोच.